दुरुस्त केलेलं ट्रेलरचं फ्लोअर पुन्हा का दबतं?

अमेरिकेत किंवा कॅनडात जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलं की ही तक्रार ठरलेली. दारातून आत पाऊल टाकलं की फ्लोअर दबतं. मऊ भाग कापून नवा प्लाय बसवला जातो, वरून व्हिनाइल अंथरलं जातं, आणि दोन हिवाळे उलटले की तीच जागा, नाहीतर तिच्या शेजारची, पुन्हा मऊ लागते. मग दोष प्लायला दिला जातो. प्लाय बिचारा वजनाने सहसा खचत नाही. तो ओलीने कुजतो आणि कुजल्यावर वजन फक्त निमित्त होतं. त्यामुळे या कामात अर्धा वेळ पाणी शोधण्यात गेला पाहिजे. सुतारकाम त्यामानाने सोपं आहे.

आधी फ्लोअर कसं दबतंय ते पाहा

पाय ठेवला की लवतं, उचलला की जागेवर येतं आणि करकरतं, असं असेल तर लाकूड बहुतेक शाबूत आहे. स्क्रू ढिले झालेत, किंवा दोन बोर्डांचा सांधा खाली आधार नसलेल्या जागी आला आहे. तळात हात घालता येत असेल तर सांध्याखाली आडवा ठोकळा बसवून काम भागतं.

टाच दाबली की मऊ लागतं आणि व्हिनाइलखाली काहीतरी चुरल्याचा आवाज येतो, तिथे कूज आहे. व्हिनाइलचा कोपरा उचलून स्क्रू ड्रायव्हर टोचा. चांगल्या प्लायमध्ये टोक जेमतेम रुततं, कुजलेल्यात मुठीपर्यंत जातं.

तिसरा प्रकार, कोणी उभं नसतानाही फ्लोअर खोलगट दिसतं आणि भिंतीच्या तळाशी किंवा कपाटाखाली फट पडलेली असते. चार फुटी लेव्हल आडवी ठेवली की लगेच कळतं. इथे प्लाय बदलण्याआधी खालचं लोखंड पाहायला हवं.

लाकडातली ओल मोजणारा पिनांचा मॉइश्चर मीटर घ्या, स्वस्तातलाही चालतो. 15 टक्क्यांपर्यंत लाकूड कोरडं समजा. 20 च्या वर गेलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. मात्र खाली अॅल्युमिनियमची नळी किंवा फॉइल असेल तर मीटर उगाच मोठा आकडा दाखवतो. म्हणून आधी पलंगाखालच्या खात्रीच्या कोरड्या जागेचं रीडिंग घ्यायचं आणि बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून पाहायच्या. फूट-फूट अंतरावर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून त्यांवर आकडे लिहिले की ओलीचा नकाशाच तयार होतो. सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे यापेक्षा आकडे कोणत्या दिशेने चढत जातात ते महत्त्वाचं. पाणी तिकडून येतंय.

पाणी कुठून येतंय

दाराशी दबत असेल तर उंबऱ्याचे स्क्रू आणि दाराच्या चौकटीमागची ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) तपासा. पण तिथेच थांबू नका. दाराच्या वर ऑनिंगची, म्हणजे बाहेर उघडणाऱ्या कापडी छपराची, पट्टी असते, तिच्या स्क्रूंमधून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरून नेमकं उंबऱ्यापाशी साचतं आणि दोष दारावर येतो.

पुढच्या-मागच्या कोपऱ्यांत कूज असेल तर आधी बाहेरची कोपऱ्याची पट्टी पाहा. तिच्या खाचेत व्हिनाइलची बारीक फीत बसवलेली असते. उन्हाने ती आखडते, खालचे स्क्रू उघडे पडतात, गंजतात आणि प्रत्येक स्क्रू पाण्याची वाट होऊन बसतो. छत आणि पुढची भिंत जिथे मिळतात तो सांधा, वरचे छोटे दिवे, मागच्या शिडीचे पाय हीसुद्धा नेहमीची ठिकाणं.

टॉयलेटभोवती मऊ असेल तर फ्लॅंजवरचं, म्हणजे टॉयलेट जिथे पाइपाला जोडलेलं असतं त्या कड्यावरचं, सील गेलेलं असतं. घरच्या सवयीने तिथे मेणाचं कडं बसवू नका. रस्त्यावरच्या हादऱ्यांना मेण टिकत नाही, ट्रेलरसाठी रबराचं किंवा फोमचं सील मिळतं. टॉयलेट डुगडुगत असताना नुसते बोल्ट आवळत राहिलं तर फ्लॅंजच तडकते. खालचा प्लाय घट्ट नसला की टॉयलेट डुगडुगणारच.

सिंकखाली प्लास्टिकचे हाताने आवळायचे जोड असतात. ते हादऱ्यांनी सैल होतात. हिवाळ्यात पाइपात पाणी राहिलं तर गोठून चिरतातही. चाकाच्या कमानीजवळ ओल असेल तर ती पावसाची नसून टायरने उडवलेल्या पाण्याची असते. कमानीच्या कडेचं सीलंट खालून पाहावं लागतं. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारा खोलीचा भाग, असेल तर त्याच्या फ्लोअरची बाहेरची खालची कड हाताने चाचपा. ती बोटाने चुरत असेल तर रबरी पट्टी पाणी निपटण्याऐवजी आत ओढते आहे.

आणि फ्लोअरच्या मधोमध, आसपास ना खिडकी ना नळ, तरी ओल? मग तळाचं आवरण पाहा. अलीकडच्या पुष्कळ ट्रेलरना खालून कोरुगेटेड प्लास्टिकचा काळा पत्रा लावलेला असतो. दूर कुठेतरी गळलेलं पाणी त्यावर वाहत येऊन सखल जागी साचतं आणि वरचा इन्सुलेशनचा थर ते महिनोन्‌महिने धरून ठेवतो. खालून पत्रा कुठे फुगलाय का ते हाताने दाबून पाहा.

तपासणीचा क्रम असा ठेवा. सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि अर्धा तास शांत बसा. पंप अधूनमधून एकटाच गुरगुरला तर दाब कुठेतरी सुटतो आहे. मात्र पंपाच्या आतली झडप गळत असली तरी हेच लक्षण दिसतं. खात्रीसाठी बाहेरच्या पाण्याच्या तोंडाला गेज आणि वॉल्व्ह लावून 45 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब भरा, वॉल्व्ह बंद करा आणि तासाभराने काटा पाहा. तो उतरला नाही तर दाबाची लाइन निर्दोष. मग निचऱ्याची बाजू: सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली टॉर्च धरा. थेंब-थेंब पाणी सोडून ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या वळलेल्या पाइपाची, गळती सापडत नाही. शॉवरच्या तळाला बूच लावून इंचभर पाणी भरा, पेन्सिलीने खूण करा, दोन तासांनी बघा.

शेवटी पावसाची नक्कल. होजने पाणी मारताना खालून सुरुवात करा, एकेका सांध्यावर दहा मिनिटं, आणि मगच वर सरका. घाईत सगळ्यांत आधी छतावर पाणी मारलं तर ते सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि गळतंय कुठून ते शेवटपर्यंत कळत नाही. एवढं करूनही सापडलं नाही तर आरव्ही, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या, दुरुस्तीच्या दुकानात ट्रेलरमध्ये हलक्या दाबाने हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावतात. जिथे बुडबुडे येतात तिथे फट.

उघडण्याआधी

120 व्होल्टची लाइन काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, प्रोपेन बंद करा, टाक्या रिकाम्या करा. ट्रेलर लेव्हल करून चासीखाली, म्हणजे तळाच्या लोखंडी सांगाड्याखाली, जॅक स्टँड द्या. कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर फक्त डगमग थांबवायला असतात, त्यांच्यावर वजन उचलायचं नसतं. 1980 च्या आधीचा ट्रेलर असेल तर व्हिनाइल आणि त्याखालच्या चिकटद्रव्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून घासण्याआधी तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. बुरशी दिसली तर पी100 फिल्टरचा मास्क लावा.

खाली उतरून तळाचं आवरण तीन बाजूंनी कापा आणि चौथी बाजू बिजागरासारखी ठेवा. खाली घमेलं धरा, बादलीभर पाणी निघालं तरी नवल नाही. भिजलेलं फायबरग्लास वाळवत बसू नका, सरळ फेकून द्या.

मग ठरवायचं की फ्लोअर कोणत्या बनावटीचं आहे. लाकडी जॉइस्टवर (फ्लोअरखालच्या आडव्या वाश्यांवर) ओएसबी (लाकडाच्या चकत्या दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लाय ठोकलेला असेल तर एक रीत, आणि वेफर बिस्किटासारखं, पातळ लुआन प्लायच्या दोन थरांमध्ये फोम चिकटवलेलं लॅमिनेटेड फ्लोअर असेल तर पूर्ण वेगळी. फर्नेसच्या हवेची जाळी किंवा पाइपाचं भोक असेल तिथे कड उघडी दिसते. पांढरा फोम दिसला तर लॅमिनेटेड.

लाकडी जॉइस्टचं फ्लोअर

कापण्याआधी प्लायची जाडी मोजा. बाजारात 5/8 इंच, म्हणजे पाच सुती, म्हणून विकला जाणारा बोर्ड प्रत्यक्षात 19/32 इंच असतो. सर्क्युलर सॉचं पातं तेवढंच बाहेर ठेवा, एका केसानेही जास्त नको. कारण खाली पाण्याच्या नळ्या, वायरी आणि काही ट्रेलरमध्ये गरम हवेचे पत्र्याचे डक्टही जॉइस्टांमधूनच गेलेले असतात. भिंतीजवळ ऑसिलेटिंग मल्टीटूल वापरा.

कुजलेला भाग दिसतो त्याच्या पुढे सगळ्या बाजूंनी किमान सहा इंच कापा, आणि कापाची रेघ जॉइस्टच्या बरोबर मध्यावर आणा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही बोर्डांना पाऊण-पाऊण इंच टेकायला मिळतं. कपाट आड येत असेल आणि त्याचे स्क्रू सापडत नसतील तर शोधत बसू नका. कारखान्यात आधी फ्लोअर, मग कपाटं, मग बाहेरचा पत्रा असा क्रम असतो, त्यामुळे काही स्क्रू भिंतीच्या मागून मारलेले असतात. ते पात्याने कापून टाकायचे.

जॉइस्ट टोचून पाहा. वरचा अर्धा इंच मऊ असेल तर खरवडून बोरेटचं द्रावण पाजा. बोरेट बुरशी थांबवतं पण गेलेली ताकद परत आणत नाही, हे विसरून लोक नुसतं औषध मारून मोकळे होतात. खोलवर कूज असेल तर शेजारी त्याच मापाचा नवा जॉइस्ट जोडा. तो कुजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन फूट पुढे जायला हवा, आणि शक्य असेल तिथे दोन्ही टोकं चासीच्या आडव्या लोखंडावर टेकायला हवीत. मध्ये पॉलियुरेथेन कन्स्ट्रक्शन अॅडहेसिव्ह आणि दर सहा इंचांवर अडीच इंची स्क्रू. सुतारकामाचा साधा पांढरा डिंक इथे नको. ओलीत तो सुटतो.

आता या दुरुस्तीतला सगळ्यात नाजूक भाग: भिंतीखालची कड. लाकडी सांगाड्याच्या बहुतेक ट्रेलरमध्ये भिंत फ्लोअरच्या काठावर उभी असते. पाणी भिंतीतूनच उतरतं, म्हणजे सर्वांत आधी कुजतो तो हाच काठ. आणि नेमका तोच मागे सोडला जातो, कारण भिंतीपर्यंत कापणं सोपं असतं. भिंतीखालचा दीड इंच कुजका राहिला की नव्या प्लायला कडेने आधार नाही आणि बुरशीला घर तयार. दुरुस्ती परत येते ती बहुतेक वेळा इथूनच.

काठ बदलायचा असेल तर भिंतीला आतून, फ्लोअरच्या वर फूटभर उंचीवर, आडवा टू-बाय-फोरचा वासा स्क्रूने पक्का करा आणि त्याखाली दोन बाटली जॅक लावा. जॅकचे पाय चासीच्या लोखंडावर टेकलेल्या फळीवर हवेत, कुजक्या प्लायवर नाही. उचलायचं म्हणजे भिंत वर न्यायची नाही. वजन निघालं, अर्ध्या सुताची फट दिसली की थांबा. त्याहून जास्त उचललं तर छताचा सांधा फाटतो आणि नवी गळती तुम्हीच तयार करता. एका वेळी दोन-तीन फुटांचाच काठ मोकळा करा. बाहेरच्या पत्र्याची सगळ्यात खालची पट्टी काढली तर स्क्रू आणि भिंतीचा तळवासा दोन्ही समोर येतात. तळवासाही कुजलेला असेल तर तोही तेवढ्याच तुकड्यात बदला. नवा प्लाय सरकवून घट्ट झाला की जॅक उतरवा आणि पुढच्या तुकड्याकडे जा. लांब भिंतीला यात दोन-तीन दिवस सहज जातात.

प्लाय एक्स्टीरियर ग्रेडचाच घ्या. मूळचा ओएसबी पाऊस-दोन पाऊस सोसतो, पण कायमच्या ओलीत त्याच्या कडा फुगतात. महाराष्ट्रात टेम्पोवर किंवा ट्रेलरवर कॅम्पर बांधणाऱ्यांनी आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय मागावा. नुसतं वॉटरप्रूफ हा शब्द दुकानात कशालाही लावतात. जाडी जुन्या फ्लोअरएवढीच ठेवा. बळकटीसाठी 3/4 इंची घातला तर सांध्यावर ठेच लागेल अशी पायरी होते, वजनही वाढतं. प्रेशर-ट्रीटेड प्लाय मोहात पाडतो, पण त्यातलं तांबं अॅल्युमिनियम आणि साधं लोखंड खातं, शिवाय तो ओलाच विकला जातो आणि वाळताना आखडतो. टाळलेला बरा.

बसवण्याआधी प्लायच्या चारही कडांना इपॉक्सीचे किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. पृष्ठभागापेक्षा कड कितीतरी जास्त पाणी पिते. पाइपासाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही विसरू नका. दोन बोर्डांमध्ये एक सूत फट ठेवा. जॉइस्टवर अॅडहेसिव्हची रेघ ओढून दोन इंची कोटेड डेक स्क्रू कडेला सहा-सहा इंचांवर आणि मध्ये बारा-बारा इंचांवर मारा. जी कड जॉइस्टवर टेकत नाही तिच्याखाली ठोकळा हवाच. चासीला धरणारे जुने बोल्ट कापावे लागले असतील तर त्या जागी सपाट, रुंद डोक्याचे एलिव्हेटर बोल्ट घाला. त्यांचं डोकं प्लायमध्ये रुतून बसत नाही आणि व्हिनाइलवर उठतही नाही.

लॅमिनेटेड फ्लोअर

इथे ताकद चिकटण्यात असते. लुआन फोमपासून सुटला किंवा फोम पायांखाली चेपला की फ्लोअर दबतं, आणि हे कधीकधी पाण्याशिवायही होतं, विशेषतः दारापासून सिंकपर्यंतच्या रोजच्या वाटेवर. त्यामुळे मीटर कोरडं दाखवत असेल तर गोंधळून जाऊ नका.

बारीक भोकं पाडून आत डिंक सोडायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो फक्त तेव्हाच चालतो जेव्हा थर कोरडे आहेत, फोम चेपलेला नाही आणि सुटलेली जागा फूट-दीड फुटाची आहे. डिंक इपॉक्सी घ्या. पॉलिएस्टर रेझिन किंवा सॉल्व्हंटचा डिंक फोम अक्षरशः विरघळवतो आणि खाली पोकळी होते. फुगणारा पॉलियुरेथेन डिंक वापरलात तर वर भरपूर वजन ठेवा, नाहीतर तोच लुआनला वर उचलतो.

चेपलेल्या फोमला मात्र वरचा थर उघडण्याशिवाय इलाज नाही. लुआन आतल्या सांगाड्याच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांपर्यंत कापून काढा, फोम खरवडा, त्या जागी एक्सपीएस, म्हणजे जास्त घट्ट फोमचा, बोर्ड बसवा. साधा पांढरा ईपीएस फोम प्रकारानुसार 10 ते 15 पीएसआय दाब सोसतो, टाइप 4 चा एक्सपीएस 25. फरक पायाला कळतो. नळ्यांमधलं अंतर दोन फुटांहून जास्त असेल तर मध्ये एक आडवी नळी वाढवा. वर लुआनऐवजी अर्धा इंची प्लाय, फोमला चालणाऱ्या अॅडहेसिव्हने, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळूच्या पिशव्यांचं वजन. जाडी वाढल्यामुळे दार अडत नाही ना आणि स्लाइड-आउट घासत नाही ना, हे कापण्याआधी तपासायचं असतं, नंतर नाही.

जुन्या फ्लोअरवर सरसकट प्लाय अंथरणं हा आळशी उपाय असला तरी कोरड्या लॅमिनेटेड फ्लोअरवर तो चालतो. ओल्यावर अंथरला तर वर्षभरात खालचा थर पूर्ण कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही.

लोखंड खचलं असेल तर

चासीच्या मुख्य बीमपासून भिंतीपर्यंत बाहेर येणारे हात, म्हणजे आउटरिगर, गंजतात किंवा चुकीच्या जागी जॅक लावल्याने वाकतात. वेल्डच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसली की तिथे तडा असतो. टाकीची जागाही पाहा. पाण्याचं वजन गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे 40 गॅलनची भरलेली टाकी सव्वातीनशे पौंडांच्या वर जाते. तिचा आधार सुटला की वरचं फ्लोअर ओढलं जातं. जुन्या एअरस्ट्रीम ट्रेलरमध्ये मागची बाजू हा वेगळाच विषय आहे. तिथे अॅल्युमिनियमचं कवच प्लायच्या काठावर बोल्टने धरलेलं असतं, तो काठ कुजला की चासी आणि कवच एकमेकांपासून सुटतात. मागच्या बंपरवर उभं राहून हलकं हेलकावा. बंपर खाली गेला आणि कवच जागेवर राहिलं तर फ्लोअरचा तुकडा बदलून भागणार नाही. वेल्डिंग जाणकाराकडून करून घ्या, आणि त्याआधी त्या भागातलं लाकूड, फोम आणि वायरी बाजूला काढा.

बंद करताना

नवा प्लाय लागला तरी तळ लगेच बंद करू नका. पंखा आणि डिह्युमिडिफायर लावून आजूबाजूच्या जुन्या लाकडाचं रीडिंग 15 च्या खाली येईपर्यंत थांबा. दमट हवेत याला दोन आठवडेही लागतात. मग नवं इन्सुलेशन, आणि आवरणाचा कापलेला पल्ला जागेवर आणून अंडरबेली टेप आणि मोठ्या वॉशरचे स्क्रू.

बाहेरच्या सांध्यांवर जुनं सीलंट खरवडून काढा. पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप, छताच्या सपाट भागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट, उभ्या सांध्यांवर न ओघळणारं. सिलिकॉन कुठेही नको, कारण पुढच्या वेळी त्यावर दुसरं काही चिकटत नाही. छत दर सहा महिन्यांनी पाहा.

गोठणाऱ्या प्रदेशात राहत असाल तर हिवाळ्याआधी वॉटर हीटर बायपास करा, लाइन 30-40 पीएसआय हवेने रिकामी करा आणि प्रत्येक नळातून गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रावण) येईपर्यंत पंप चालवा, बाहेरच्या शॉवरचा नळ धरून. तो हमखास विसरला जातो. त्याचा चिरलेला जोड भिंतीच्या आत गळतो. वसंतात पहिल्यांदा पाणी भरलं की दुरुस्त केलेल्या जागेचे टेपवरचे जुने आकडे पुन्हा मोजून पाहा, आणि महिन्याने परत एकदा.